पोपटी आणि परक्याची जमीन

नवी मुंबई मेट्रोचा बेलापूर ते पेंधर हा अकरा किलोमीटरचा आणि अकरा स्थानकांचा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी रहदारीस खुला झाला, तेव्हा उत्सव चौकाच्या अलीकडच्या स्थानकाच्या पाटीवर 'बेलपाडा' हे नाव चढले, आणि पनवेल तालुक्यातल्या ज्या लहानशा आगरी गावाचा उल्लेख तोवर सात-बाराच्या उताऱ्यांत आणि लग्नपत्रिकांत तेवढा आढळत असे, त्याचे नाव परगावच्या प्रवाशांच्या कानांवर रोज पडू लागले. सायंकाळी ऊन कलते झाले की त्याच स्थानकाच्या जिन्यापाशी गावातली आणि आसपासच्या सेक्टरांतली मुले-मुली मोबाइल उंच धरून रील करताना दिसतात. येथल्या तरुणांस 'पुढे काय करणार' असे विचारले असता पूर्वी सिडको, बंदर किंवा पोलीसभरती यांपैकी एक उत्तर ठरलेले असे. आता दर चार-पाच मुलांमागे एखादे तरी, क्षणभर संकोचून का होईना, 'इन्फ्लुएन्सर' असे सांगते, आणि ते ऐकून वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटते ती अस्थानी म्हणता येणार नाही, कारण या धंद्याचा हिशेब कसा चालतो हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेलेच नसते. तो हिशेब सांगावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या शेजारी वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी राहते. गेल्या पौषात वालाच्या शेंगा भरल्या तेव्हा तिने घरामागच्या मोकळ्या जागेत, मडक्यात शिजणाऱ्या पोपटीची चित्रफीत केली आणि ती करताना मी आरंभापासून अखेरपर्यंत तेथे उभा होतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर खडे मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी आणि मसाला चोळलेले कोंबडीचे तुकडे, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, असे थर लागत गेले. तोंडाशी पाला ठासून बसवताना आजी म्हणाली, "दाबून बसव गो, वाफ जाईल," आणि मग मडके उपडे घालून त्याच्याभोवती पेंढा, गोवऱ्या आणि सुकी लाकडे रचून विस्तव लावला गेला. पोपटीत पाणी नाही, तेल नाही. जे शिजायचे ते शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर. पाऊण तासाने आजीने मडक्यावर पाण्याचा हबका मारला, पाणी चर्र होऊन तत्क्षणी उडाले, आणि पोपटी झाली असे तिने जाहीर केले. त्या पाऊण तासात मुलीने दोन डझनांहून अधिक तुकडे टिपले होते, ते रात्री मोबाइलवरच कापून-जोडून बेचाळीस सेकंदांची रील तयार केली, आणि मडके फोडल्यावर उसळणारी वाफ, जी प्रत्यक्षात सर्वांत शेवटी आली, ती तिने सर्वांत आधी दाखवली.

हा क्रम उलटा का, असे मी विचारले तेव्हा तिने जे उत्तर दिले त्यात या व्यवसायाचे अर्धे शास्त्र आलेले आहे. पाहणारा अंगठ्याने पडदा सरकवीत असतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तो थांबला तर थांबला. किती जण थांबले, किती जणांनी शेवटपर्यंत पाहिले, किती जणांनी दुसऱ्यास पाठवले आणि किती जणांनी जपून ठेवले, याची मोजदाद इन्स्टाग्राम आणि यूट्यूब यांची यंत्रणा अखंड करीत असते, आणि आरंभी थोड्या लोकांपुढे ठेवलेली चित्रफीत त्या मोजदादीवरून अधिकांपुढे न्यायची की तेथेच थांबवायची हे ठरवीत असते. म्हणून अनुयायांची संख्या म्हणजे सर्वस्व नव्हे. लाखभर अनुयायी असलेल्याची चित्रफीत दोन हजारांपुढे जात नाही आणि नवख्याची एखादी लाखांपर्यंत पोहोचते, असे नित्य घडते. पैसे देऊन अनुयायी विकत घेण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी हे ध्यानात ठेवावे की विकतचे अनुयायी चित्रफीत पाहत नाहीत, आणि न पाहणाऱ्यांचा भरणा वाढला की पाहिले जाण्याचे प्रमाण घसरते व यंत्रणा त्या खात्यास मागे सारते.

पोपटीच्या त्या रीलला तिच्या नेहमीच्या कितीतरी पट प्रेक्षक लाभले, आणि पैसा मात्र एकही मिळाला नाही. यात कोणी फसवणूक केली असे नव्हे. व्यवहाराची रीतच तशी आहे. इन्स्टाग्रामवर रील जितकी पाहिली जाईल तितका जाहिरातीचा ठराविक वाटा करणाऱ्यास मिळावा, अशी सर्वांना लागू असलेली सोय नाही. तेथली कमाई मुख्यतः बाहेरच्या कंपन्यांकडून येते. यूट्यूबवर वाटा मिळतो, परंतु त्यासाठी १००० सदस्य आणि गेल्या बारा महिन्यांत ४००० तास पाहिले गेल्याची नोंद, किंवा नव्वद दिवसांत लहान चित्रफितींना १ कोटी दर्शने, ही अट पुरी करावी लागते. ती पुरी झाल्यावर मोठ्या चित्रफितीवरील जाहिरातीच्या उत्पन्नातले शेकडा ५५ करणाऱ्याचे आणि ४५ यूट्यूबचे. लहान चित्रफितींत करणाऱ्याचा वाटा त्याच्या नावे मांडलेल्या रकमेच्या शेकडा ४५ आहे. अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तेथला करही कापला जातो.

या उत्पन्नाचा पहिला दाखला डाकेने येतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. खात्यावर १० डॉलर जमले की गूगल एक सहा आकडी क्रमांक कागदावर छापून घरच्या पत्त्यावर पाठवते. तो क्रमांक चार महिन्यांच्या मुदतीत भरून पत्ता सिद्ध केला नाही तर पैसे अडतात, आणि पत्ता सिद्ध झाला तरी १०० डॉलर पुरे होईपर्यंत काही हाती पडत नाही. ज्या गावठाणात घरांना क्रमांक नसून 'अमक्याच्या घरामागे, देवळाजवळ' असे पत्ते आहेत, तेथे हे पाकीट पोहोचणे पोस्टमनच्या ओळखीवर अवलंबून असते. आमच्याकडचे पाकीट पहिल्या खेपेस हरवले. दुसरे आले तेव्हा मुलीच्या वडिलांनी ते देवापुढे ठेवले.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आगरी हे नाव आगर, म्हणजे मिठागर, यावरून आले. या किनाऱ्यावर खाजण बांधून मीठ आणि भात पिकवणाऱ्या माणसांस जमीन कोणाची आणि घाम कोणाचा हा प्रश्न शिकवावा लागत नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी, १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेते न कसण्याचा निर्धार केला आणि तो संप पंचवीस गावांनी १९३९ पर्यंत, उपासमार सोसून, चालवला. खंड किती घ्यायचा हे खोत ठरवी, वेठ तो सांगे, आणि मनास येईल तेव्हा कुळास बेदखल करी. कुळाजवळ कबुलायतीखेरीज दस्तऐवज नसे आणि ती कबुलायतही खोताच्याच सोयीने लिहिलेली असे. पुढे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने १९७० पासून पनवेल, उरण आणि ठाणे भागांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या, जानेवारी १९८४ मध्ये त्या जमिनींसाठीच्या जासईच्या लढ्यात पाच माणसे गोळीबारात गेली, आणि दि. बा. पाटील यांच्या चळवळीने मिळवलेले, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणाऱ्या भूखंडाचे 'साडेबारा टक्के' हे शब्द आजही बेलपाड्यातल्या प्रत्येक घरात रोजच्या बोलण्यातले आहेत.

माझे म्हणणे असे की, इन्फ्लुएन्सर हे आजच्या काळातले कूळ आहे. चित्रफीत त्याची, कष्ट त्याचे, बोली त्याची, आजीने दिलेली पोपटीची विद्या त्याची. परंतु ज्या जमिनीवर हे पीक उभे राहते ती सर्वस्वी परक्याची, वाटा किती हे परका ठरवणार, नियम तो केव्हाही बदलणार, आणि खाते बंद झाले तर दाद मागण्यासाठी आरंभी एक ठराविक नमुन्याचा अर्ज, ज्याचे उत्तर पुष्कळदा यंत्रच देते. मुंबई इलाख्यात कुळांना संरक्षण देणारा कायदा १९३९ साली झाला आणि १९४८ च्या कूळकायद्याने तो पुढे नेला. या नव्या कुळासाठी तसा कायदा आपल्याकडे अद्याप नाही. येथे कबुलायत म्हणजे खाते उघडताना न वाचता दाबलेले 'मान्य' हे बटण.

हे कल्पनेतले भय नव्हे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि त्यांत टिकटॉक गेले. देशाच्या सुरक्षिततेचा तो निर्णय होता आणि त्याविषयी येथे वाद नाही. परंतु ज्यांनी वर्षानुवर्षे तेथे प्रेक्षक जमवले होते त्यांचे पीक एका रात्रीत नाहीसे झाले. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण, लहानपणीच आईवडिलांना पारखा झालेला, मोलमजुरी करीत वाढलेला मुलगा, त्याच टिकटॉकवर नावारूपाला आला होता. त्याला दुसऱ्या माध्यमावर पुन्हा पहिल्यापासून उभे राहावे लागले, आणि तो राहिला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी 'बिग बॉस'च्या पाचव्या पर्वाचा विजेता ठरला. त्याच्या यशाचे कौतुक करताना त्याच वाटेवर मागे राहिलेल्या अनामिकांची आठवण मनातून जात नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचा 'आपली आजी' हा पाककृतींचा चॅनेल नातवाच्या साहाय्याने भरभराटीस आला असता, २०२० च्या ऑक्टोबरातच, चोरट्यांनी हस्तगत केला होता. तो काही दिवसांनी परत मिळाला हे सुदैव. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईंच्या हातचे कालवण कोणी चोरू शकत नव्हते, पण ते लोकांपुढे नेणारा रस्ता चोरता आला.

तर मग या धंद्यात कुळाचे स्वतःचे असे काय उरते? दोन गोष्टी उरतात, असे मला वाटते: बोली आणि भरवसा.

बोलीची गोष्ट आनंदाची आहे. आगरी बोलीत गाडीची 'गारी' होते, घोड्याचा 'घोरा' होतो आणि पाण्याचे 'पानी' होते. याच उच्चारांपायी शाळेत पोरे हसत आणि मास्तर पुन्हापुन्हा वदवून घेत. विनायक माळी या आगरी तरुणाने त्याच बोलीत, घरातल्या भांडणांपासून हळदीच्या रात्रीपर्यंतचे प्रसंग रंगवून, यूट्यूबवर असा प्रेक्षक मिळवला की जे कधी आगरी ऐकत नव्हते ते तिच्यातले शब्द सहज वापरू लागले. प्रसाद गावडे या सिंधुदुर्गातल्या अभियंत्याने नोकरीचा मार्ग सोडून 'कोकणी रानमाणूस' या नावाने तिथल्या जंगलाची, देवराईची आणि घरगुती पर्यटनाची बाजू मांडली. मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत असताना पाककृती इंग्रजीत दाखवायला आरंभ केला, आणि मराठीतला चॅनेल त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी काढला. या तिन्ही उदाहरणांत घाई कोठेही दिसत नाही. एकच विषय, एकच आवाज आणि ठरल्या वारी ठरल्या वेळी चित्रफीत, हा नेम वर्षानुवर्षे पाळणाऱ्यासच प्रेक्षक आपला मानतो. आज नाच, उद्या शेअरबाजार, परवा औषध, असे करणाऱ्यास तो विसरतो. शेअरबाजाराचा सल्ला सेबीकडे नोंदणी असल्यावाचून देणे तर बेकायदेशीरच आहे.

भरवशाचा विचार थोडा खोलात जाऊन करायला हवा, कारण खरी कमाई तेथून होते आणि खरा घातही तेथेच होतो. आपल्याकडे कीर्तनकारास श्रोते बिदागी देत. ज्याने ऐकले त्यानेच दिले, त्यामुळे दोघांमध्ये तिसरा नव्हता. जाहिरातीत तिसरा आला, पण तो उघड आला: १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या तेव्हा ती जाहिरात आहे हे वाचणाऱ्या प्रत्येकास कळत होते. इन्फ्लुएन्सरच्या बाबतीत प्रेक्षक त्याला शेजारच्या ताईसारखा, घरच्या दादासारखा समजतो, आणि कंपनी पैसे मोजते ते नेमके त्या समजुतीसाठी. या नाजूक जागेवर कायद्याने बोट ठेवले आहे हे योग्यच झाले. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये नियम केले, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये असे स्पष्ट केले की पैसे, वस्तू, मोफत सहल किंवा सवलत यांपैकी काहीही घेतले असेल तर ते ठळकपणे, आणि ज्या भाषेत चित्रफीत आहे त्याच भाषेत, सांगितले पाहिजे. म्हणजे आगरीत किंवा मराठीत बोलणाऱ्याने 'जाहिरात' हा शब्द मराठीतच लिहावा. इंग्रजी हॅशटॅगांच्या गर्दीत तो लपवू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल प्रथम १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड, तसेच प्रथम एक वर्ष व नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यास मनाई, असे अधिकार ग्राहक संरक्षण प्राधिकरणास आहेत.

शेजारच्या मुलीस पोपटीनंतर एका मसाला कंपनीने विचारणा केली: सहा पुड्या मसाला पाठवतो, एक रील करा. अशा व्यवहारास या धंद्यात 'बार्टर' म्हणतात. तिच्या वडिलांना तो अपमान वाटला. मला तो अपमान वाटला नाही, पण करार वाचल्यावर एक कलम मात्र फार बोचले. ती चित्रफीत कंपनीस कायमची, कोठेही, कशीही वापरता येईल, असे त्यात लिहिले होते. म्हणजे आजीचा चेहरा आणि आजीचा आवाज सहा पुड्यांच्या मोबदल्यात कायमचा परहस्ते जाणार होता. मुलीने आजीस विचारले, आजी नाही म्हणाली, आणि मुलीने उलट पत्र लिहून तीन महिन्यांची मुदत आणि रोख रक्कम मागितली. कंपनीने पुन्हा उत्तर दिले नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या एका कंपनीने तिच्या अटी मान्य केल्या. रक्कम थोडी होती आणि ती मिळायला नव्वद दिवस लागले, पण ती तिच्या नावाच्या बँकखात्यात बिलासह जमा झाली.

कराची बाजूही येथेच सांगून टाकतो. मोफत आलेली वस्तू ठेवून घेतली तर ती उत्पन्नच समजली जाते. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार अशा लाभांचे मूल्य वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक झाले तर देणाऱ्याने शेकडा १० कर कापायचा असतो. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी आली. पहिल्या दिवसापासून एक साधी वही घातली, तीत तारीख, कंपनी, काम, वस्तूची किंमत आणि मिळालेली रक्कम असे रकाने पाडले, तर पुढे सनदी लेखापालाकडे मान खाली घालून बसावे लागत नाही.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने लिहिणे भाग आहे. बेलपाड्याहून जवळच पांडवकडा हा धबधबा आहे. पावसाळ्यात तेथे जाण्यास प्रशासन मनाई करते, कारण त्या प्रवाहाने आजवर कित्येक तरुण जीव नेले आहेत. जुलै २०२४ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात कुंभे धबधब्यापाशी प्रवासाच्या चित्रफिती करणारी मुंबईची एक तरुणी, व्यवसायाने सनदी लेखापाल, चित्रीकरणाच्या वेळी दरीत कोसळून मृत्यू पावली. तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु धोक्याच्या कड्यावरची चित्रफीत अधिक पाहिली जाते आणि म्हणून यंत्रणा ती अधिकांपुढे नेते, हा जो न बोलता चाललेला हुकूम आहे तो मानण्यास आपण बांधलेले नाही, एवढे प्रत्येक घरात बोलले गेले पाहिजे.

मग या वाटेने जावे की नाही? जावे, असे माझे मत आहे. पण पहिली दोन-तीन वर्षे शिक्षण किंवा नोकरी न सोडता जावे, कारण या शेताला पहिल्या पावसात पीक येत नाही आणि तोवर घर चालवणारे दुसरे काही हवे. एक बऱ्यापैकी मोबाइल, आवाजासाठी कॉलरला लावायचा माइक, आणि खिडकीतला सकाळचा उजेड एवढ्यावर आरंभ होतो. कर्ज काढून कॅमेरा घेण्याचे कारण नाही. सिनेमाचे गाणे कंपनीच्या जाहिरातीत वापरायचे तर त्याची परवानगी लागते, तेव्हा गावातल्या ढोलकीवाल्याचे वाजवणे, त्याची संमती घेऊन आणि त्यास मोबदला देऊन, वापरावे. घरच्या मुलांचे चेहरे, शाळेचे नाव आणि घराचा पत्ता चित्रफितीत येऊ देऊ नये.

आणि बेलपाड्यातल्या, पनवेलमधल्या, कोठल्याही गावच्या मुला-मुलींस एक विनंती. केलेली प्रत्येक मूळ चित्रफीत स्वतःच्या डिस्कवर उतरवून ठेवा, खात्यास पासवर्ड आणि फोनवरचा संकेतांक असे दुहेरी कुलूप लावा, आणि जे प्रेक्षक मनापासून येतात त्यांच्याशी त्या माध्यमाबाहेरही, त्यांच्या संमतीने, पत्त्याचा किंवा फोनचा संबंध राखा. शेजारच्या मुलीने पोपटीचे ते सगळे तुकडे, आजीच्या आवाजासह, एका लहान डिस्कवर घालून डब्यात ठेवले आहेत. डब्यावर तारीख आहे आणि आजीचे नाव आहे.